ऊन एकच होते, चित्रे वेगळी का?

माझी भाची इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करते आहे. घरच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश वाचून तिने मला विचारले, "मामा, मग आपल्याकडच्या उन्हात रंग कमी दिसतात का?" संदेशाचा आशय असा, की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासारखा प्रकाश जगात कोठेच नाही, तेथे रंग मुळातच भडक दिसतात आणि चित्रकारांनी ते केवळ कागदावर उतरवले, त्याच उन्हाने व्हॅन गॉगला वेड लावले, आणि असा प्रकाश नसल्यामुळे भारतात आधुनिक चित्रकला रुजली नाही. एरवी असे संदेश मी न वाचता पुसून टाकतो. पण रंग शिकणारी मुलगी त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेऊ लागली, म्हणून हे उत्तर.

'केवळ उतरवले' हा यातला सर्वांत बिनबुडाचा भाग. चित्रकार सेझान त्याच प्रदेशातला, तेथील एक्स शहरात जन्मलेला. मार्सेयजवळच्या लेस्ताक येथून त्याने जुलै 1876 मध्ये पिसारो या चित्रकाराला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. येथील ऊन इतके प्रखर आहे, की वस्तू निव्वळ छायाकृतींसारख्या दिसतात, आणि त्याही केवळ काळ्या-पांढऱ्या नव्हे, तर निळ्या, लाल, तपकिरी, जांभळ्या. निळ्या समुद्रावरची लाल छपरे पत्त्याच्या पानासारखी सपाट भासतात. आपली चूक होत असेल, पण हे गोलाई दाखवण्याच्या नेमके उलट आहे, असे तो म्हणतो. म्हणजे शाळेत शिकवतात ती छायाप्रकाशाने घनता आणण्याची रीत त्या उन्हात चालेनाशी झाली. उन्हाने त्याला आयते चित्र दिले नाही, अडचण दिली, आणि ती सोडवण्यात त्याची पुढची अनेक वर्षे गेली.

चित्रकार मातिसने 1905 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोलियूर येथे रंगवलेली उघडी खिडकी पाहावी. खिडकीच्या एका बाजूची भिंत हिरवट निळी आहे, दुसऱ्या बाजूची गुलाबी. खोली एक, खिडकी एक, ऊनही एकच. मग हे रंग कोणत्या उन्हाने दाखवले? बोनार या चित्रकाराने तर 1926 मध्ये त्याच किनाऱ्यालगत ल कान्ने येथे घर घेतले आणि चित्रे रंगवली ती पेन्सिलीच्या टिपणांवरून, आठवणीने, खोलीत बसून.

व्हॅन गॉगविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फेब्रुवारी 1888 मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला पोहोचला तेव्हा तेथे बर्फ पडलेले होते, आणि त्याने स्वतःचा कान कापला तो डिसेंबरात, म्हणजे ऐन हिवाळ्यात.

संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मिस्त्राल नावाचा कोरडा वारा तेथील आकाश धुऊन काढतो. सेझान त्याच पत्रात सांगतो, की ऑलिव्ह आणि पाइन पाने गाळत नाहीत, त्यामुळे एकाच दृश्यावर तीन-चार महिने काम करता येईल. मातिस 1917 च्या अखेरीस त्याच किनाऱ्यावरच्या नीस शहरात आला, तेव्हा दीर्घकाळ पाऊसच पडत राहिला. कंटाळून त्याने निघण्याचे ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ढग पांगवल्यावर तो थांबला. त्याचा मृत्यूही 1954 मध्ये नीसलाच झाला. प्रकाशाचे आकर्षण खरेच होते. मात्र आकर्षणाने माणूस तेथे राहतो, त्याने चित्र होत नाही.

उरला भारताविषयीचा मुद्दा. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, 1950 मध्ये फ्रान्सला गेले, आणि पुढे त्याच किनाऱ्यावर, मेंतोंजवळच्या गोर्बिओ गावात त्यांचे घर होते. संदेश म्हणतो तो सगळा प्रकाश त्यांच्या दारात होता. तरीही त्यांची ओळख ठरला तो काळा बिंदू, आणि तो त्यांना मध्य प्रदेशातल्या लहानपणच्या शाळेत, एका गुरुजींनी भिंतीवर काढून दाखवला होता.