राखी हुमायूनपासून सुरू झाली नाही

सोलापुरातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: चितोडच्या राणी कर्णावतीने मदतीसाठी मुघल बादशहा हुमायूनला राखी पाठवली, तिथूनच हा सण सुरू झाला. हे चूक आहे.

चितोड गुजरातचा सुलतान बहादूरशहाच्या हाती पडलं 1535 मध्ये. राखीची ही गोष्ट गाजली ती जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याच्या राजस्थानवरच्या इतिहासग्रंथामुळे, म्हणजे 1829 नंतर. ती खरी की खोटी, यावर अभ्यासक वाद घालोत. पण सणाची सुरुवात ती नव्हेच. त्याच्या कितीतरी आधी, 13व्या शतकात, यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने श्रावणी पौर्णिमेचा रक्षाबंधनविधी नोंदवलाय. अक्षता, मोहरी आणि सोनं घातलेली छोटी पोटली पुरोहिताने राजाच्या मनगटाला बांधायची. तिथे भाऊ-बहीण नाहीत, हेही सांगायलाच हवं. बहिणीच्या हातात तो दोरा नंतर आला.

आणि दूर कशाला जायचं? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात याच पौर्णिमेला विणकरांचा पद्मशाली समाज नवं जानवं घालतो, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. विणकरांच्या गावाला सुताच्या धाग्याची ओळख मेसेजमधून करून घ्यावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याखाली एवढं जोडा.