सावलीची नोकरी

सोलर कंपनीत आहे म्हटलं की समोरचा दोनपैकी एक वाक्य बोलतो. "वा, पर्यावरणाचं काम!" नाहीतर "भारी स्कोप आहे म्हणे त्यात!" दोन्ही खोटं नाही. पण आधी डिझाईनला, मग साईटवर आणि आता सर्व्हिसला, अशी अकरा वर्षं काढल्यावर मला विचाराल तर आमचं काम उन्हाशी कमी आणि सावलीशी जास्त. ऊन आपलं आपण येतं, त्यासाठी कुणाला पगार द्यावा लागत नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. एका घरावर दहा पॅनेल, पाच-पाचच्या दोन रांगा. ग्राहक वैतागलेला. "सहा महिने छान चाललं, आता निम्मं पण बनत नाही. मशीन बदलून द्या." मी सकाळी दहाला शिडी चढलो. मशीन ठणठणीत. गच्चीच्या कठड्याची सावली मात्र खालच्या रांगेच्या पायथ्याशी पडली होती. किती? एक वीत. बघणाऱ्याला वाटेल, एवढ्याने काय होतंय.

होतं. जुन्या घडणीच्या पॅनेलमध्ये साठ सेल, म्हणजे प्रकाशाची वीज करणारे छोटे चौकोन, एकामागोमाग एक जोडलेले असतात, माळेसारखे. त्या माळेचे तीन भाग, आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड. एखाद्या भागावर सावली आली की डायोड तो भाग वगळून करंट पुढे नेतो. सोय चांगली आहे, पण तिन्ही भाग तळाच्या ओळीतून जातात. तळाची एक ओळ झाकली की तिन्ही भाग गारद. वीतभर सावली आणि आख्खी रांग झोपलेली. सर्व्हे उन्हाळ्यात भर दुपारी झाला होता, सूर्य डोक्यावर असताना. थंडीत सूर्य खाली उतरतो आणि कठडासुद्धा लांब हात करतो, हे सर्व्हे करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी खरी तक्रार इथे आहे. आमच्या धंद्यात विकणाऱ्याचा इन्सेंटिव्ह सही झाली की मिळतो, आणि त्याने दिलेला शब्द पुढची पंचवीस वर्षं सर्व्हिसवाला फेडत बसतो. पंचवीस वर्षांची वॉरंटी छातीठोकपणे सांगणारा पोरगा स्वतः चोवीस वर्षांचा असतो, आणि त्याची कंपनी बहुतेकदा त्याच्याहूनही लहान. वर ती वॉरंटी पॅनेलच्या वीजनिर्मितीची. इन्व्हर्टरचं, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणाऱ्या मशीनचं, आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास. मध्ये एकदा तो बदलावा लागणार, हे ग्राहकाला पहिल्या बैठकीत सांगणारे किती? मी सांगायला लागलो तेव्हा मला बैठकीला नेणं बंद झालं.

मग फोन येतात. उन्हाळ्यात ठरलेला फोन: "एवढं रणरणतं ऊन आहे आणि पाच किलोवॅटचं चारसुद्धा दाखवत नाही, फसवलंत आम्हाला." फसवलेलं नसतं. पॅनेलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो, दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. गच्चीवर दुपारी तोच सेल ६५ अंशांवर पोचलेला असतो, काचेला तळहात टेकवत नाही. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरा. चाळीस अंशांचे चौदा टक्के तिथेच गेले, धूळ आणि वायरिंग वेगळंच. पॅनेलला प्रकाश लागतो, उष्णता नको असते. स्वच्छ आभाळ आणि गार वारा, हा त्याचा सणाचा दिवस. हे मी फोनवर इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलत असेन.

दुसरा फोन लाईट गेली की येतो. "अहो, घरावर सोलर आहे आणि आम्ही अंधारात!" बॅटरी नसेल तर ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनीला, जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेल्यावर स्वतःहून बंद होतो, तो तसाच बनवलेला असतो. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारेत शिरेल आणि तार बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे समजावलं की नव्वद टक्के लोक शांत होतात. ओरडणारे उरतात ते एकाच कारणाने: "विकताना का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नसतं.

साईटच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण फोटोत ते दिसत नाही. कंपनीच्या फोटोत पिवळं हेल्मेट, निळं आभाळ आणि हसणारा माणूस. खऱ्या साईटवर हसायला वेळ नसतो, कारण पॅनेल दिवसा बंद करता येत नाही. त्याला बटणच नाही. प्रकाश पडला की व्होल्टेज तयार, आणि दहा पॅनेल एकामागोमाग जोडून एक स्ट्रिंग केली की चारशे व्होल्ट डीसी. घरातल्या एसी करंटचा प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढलात तर निळी ज्योत ताणली जाते आणि तशीच जळत राहते. एकदा एका छपरावर मला कोळसा झालेला कनेक्टर सापडला. कापून बघितला तर आतली पिन क्रिंपिंग टूलऐवजी साध्या पक्कडीने दाबलेली. टूल दुसऱ्या साईटवर होतं म्हणे. आग लागली नाही, नशीब. ते काम आमच्याच टीमचं होतं, म्हणून दुसऱ्यावर बोट दाखवायची सोय नव्हती. तेव्हापासून टूल नसेल तर मी काम थांबवतो, वरून कितीही फोन येवोत. "काम अडवणारा माणूस" असं माझं नाव पडलंय, पडू दे.

मग टिकलो कशाला, असं बायकोसुद्धा विचारते. पृथ्वी वाचवायला म्हणालो तर तीच हसेल. खरं सांगायचं तर एका आवाजासाठी. सगळं जोडून झालं की इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. आधी ग्रिड तपासतो, स्क्रीनवर उलटे सेकंद मोजतो. खाली घरातली सगळी माणसं उभी, आम्ही घामाने चिंब. मग आत रिले, म्हणजे आपोआप जोडणी करणारा स्विच, पडतो, ‘टक्’. स्क्रीनवर शून्य वॅटचे चाळीस होतात, चाळीसचे तीनशे, मग हजार. ना धूर, ना आवाज, एकही भाग फिरत नाही. १९५४ साली बेल लॅबमध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा तो प्रकाशातला जेमतेम सहा टक्के भाग विजेत बदलत होता. आज साध्या घरावरचं पॅनेल वीसच्या पुढे गेलंय. कितव्यांदा ऐकतोय याचा हिशेब नाही, पण त्या ‘टक्’ला मी अजून श्वास रोखतो.

त्या कठड्याच्या घराचं काय झालं? खालच्या रांगेचे पाय उंच करून दिले, आमच्या खर्चाने. जाताना सर्व्हे केलेल्या पोरालाही बरोबर नेलं. शिडी चढताना त्याचे हात थरथरत होते, पहिल्यांदाच चढत होता बिचारा. सावली बघून म्हणाला, "दादा, ड्रॉइंगमध्ये तर असं काही दिसत नव्हतं."

ऑफिसात परत आल्यावर मी त्याला तीच फाईल उघडायला लावली. सावली बघायला टाकलेली तारीख मे महिन्यातली होती. म्हटलं, डिसेंबर टाक. त्याने टाकला, आणि स्क्रीनवरची खालची रांग काळी झाली.