अँपला 'जुळणारी' वायर घेण्याआधी

चतुर्थी जवळ आली की आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर हमखास येतो. त्याचा सारांश असा: प्रत्येक अँप्लिफायरला त्याच्या ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, रोधाचं माप) स्पीकर वायर लागते, बारीक वायरीने अँप जळतो, दोन्ही बाजूंच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, आणि चांदीचा मुलामा असलेली वायर घेतली तर आवाज 'उघडतो'. यंदा आमच्या खजिनदारांनी त्याला एका महागड्या वायरीचं कोटेशनच जोडलं, म्हणून हे लिहायला बसलो.

'आठ ओहमचा स्पीकर, म्हणून वायरही आठ ओहमची.' अहो, वायरीचा रोध खरोखरच ८ ओहम असता तर निम्मी पॉवर वायरीतच खपली असती! हा घोटाळा केबल टीव्हीच्या वायरीवरून आलेला दिसतो. तिथे ७५ ओहमची जुळणी लागते, कारण त्या सिग्नलची तरंगलांबी मीटरच्या आसपास असते आणि वायर त्याहून लांब; जुळणी चुकली तर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो. कानाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज २०,००० हर्ट्झचा, वायरीतून जाताना त्याची तरंगलांबी साधारण १० किलोमीटर. म्हणजे अँप पणजीच्या कला अकादमीत आणि स्पीकर म्हापशाच्या वाटेवर ठेवलात, तर सिग्नल उलटा फिरण्याची चिंता करा. सभामंडपात नको.

खरा मुद्दा अँप जळण्याचा. बारीक वायरीने रोध वाढतो, म्हणजे अँपवरचा भार उलट हलका होतो. आवाज थोडा पडेल, फार ताणलं तर वायर तापेल, अँपला काही होणार नाही. मग देवळातल्या उत्सवात अँप जळतात कसे? मी पाहिलेलं कारण बहुतेक वेळा एकच: घाईत सोललेल्या वायरीचा एखादा सुटा केस, म्हणजे आतली बारीक तार, शेजारच्या टर्मिनलला टेकतो आणि शॉर्ट होतो. दुसरं कारण आपला उत्साह. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओहम, चार जोडले की २. अँपच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' छापलेलं असतं, पण पाठ कोण वाचतो!

त्याहून वाईट चूक होते ती १०० व्होल्ट लाइनच्या अँपवर, म्हणजे जो जास्त व्होल्टेज पाठवतो आणि प्रत्येक भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो. देवळाच्या भोंग्यांना तो उत्तम. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर साडेतीन अँपिअर लागतात, लाइनवर तेवढ्याच पॉवरला एकच पुरतो, म्हणून बारीक वायरही लांबवर चालते. पण त्याच लाइनवर ट्रान्सफॉर्मरशिवाय साधा ८ ओहमचा स्पीकर जोडलात तर तो १,२५० वॅट मागतो. जुळणी बघायची ती इथे, अँप आणि स्पीकरमध्ये.

वायरीचं बघायचं ते जाडी आणि लांबी. जाऊन-येऊनचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत ठेवा. तांब्याच्या २.५ स्क्वेअर एमएम वायरीने ८ ओहमला सुमारे २५ मीटर निभतं, ४ ओहमला त्याच्या निम्मं. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ५-६ टक्के चांगली वाहक, नुसता मुलामा तर त्याहून कमी. १.५ ची २.५ केलीत तर रोध ४० टक्के उतरतो. फसवणूक दुसरीकडेच आहे: तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. सुरीने खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर परत करा.

सारखी लांबी? तीन मीटरच्या फरकाने येणारा उशीर १५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात आवाज हवेतून केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. महागड्या वायरीवर छापलेल्या दिशेच्या बाणाबद्दल तर बोलायलाच नको, सिग्नल एसी आहे, सतत दिशा पलटणारा.

मजकुरात एक कण खरा आहे, तोही सांगतो. काही अँपमध्ये आउटपुटला कॉइल नसते. फार जास्त कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याची क्षमता), विणीची खास वायर त्यांना जोडली तर अँप ऑसिलेट होऊन, म्हणजे आपोआप कंप पावू लागून, तापू शकतो. गंमत म्हणजे असली वायर महागड्या वर्गातच सापडते. साध्या दोन पदरी वायरीने ही भीती राहत नाही.

कोटेशन मी परत पाठवलं. मागच्या वर्षीची वायर चांगली आहे, फक्त खाऱ्या हवेने टोकं हिरवी पडली आहेत. ती दोन इंच छाटून नव्याने सोलायची, आणि केस नीट पिळून घ्यायचे.