पाण्याची गाठ आणि तीन महिन्यांचं एरंडेल

आमच्या बोरिवली-चर्चगेट लेडीज डब्याच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तिघींनी टाकला. छातीत गाठ लागली म्हणजे हार्मोनचं संतुलन बिघडलं. आधी रक्ताची हार्मोन तपासणी करा. तीन महिने रात्री एरंडेल चोळा, चहा सोडा. सुई मात्र टोचून घेऊ नका, गाठ चिडते आणि तिचा कॅन्सर होतो. शेवटी हात जोडलेले. मी याच वाटेनं जाऊन आलेय, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पाण्याच्या गाठींचा, म्हणजे सिस्टचा, हार्मोनशी संबंध आहेच. दर महिन्याला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन चढतात-उतरतात, तशा स्तनातल्या ग्रंथी फुगतात आणि ओसरतात. एखाद्या ठिकाणी पाणी साठून राहतं, तीच सिस्ट. म्हणून त्या जास्त करून पस्तिशी ते पन्नाशीत होतात, पाळीआधी ठणकतात, पाळी आली की नरमतात. पाळी कायमची गेली की सहसा थांबतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेव्हाही होऊ शकतात. पण यात बिघाड कुठे आला? सिस्ट असलेल्या बहुतेक बायकांचे हार्मोनचे आकडे नॉर्मलच येतात. शिवाय ते पाळीच्या दिवसागणिक बदलतात. मीही एका लॅबचं ‘हार्मोन पॅकेज’ करून घेतलं होतं. सगळं मर्यादेत, पैसे गेले, गाठ जिथल्या तिथे.

उत्तर मिळालं सोनोग्राफीत. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: करड्या, कणीदार चित्रात एक काळंभोर, गुळगुळीत कडेचं वर्तुळ आणि त्याच्या मागे उजळ पट्टा. आत नुसतं पाणी असलं की असं दिसतं. मॅमोग्राफीत गोल सावली दिसते, पण आत पाणी आहे की मांस, हे तिला सांगता येत नाही.

आता सुई. दुखत नसलेल्या साध्या सिस्टला काहीच करावं लागत नाही. माझी लिंबाएवढी होती, गर्दीत कुणाचं कोपर लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. सिरिंजमध्ये हिरवट-पिवळं, गढूळ पाणी आलं आणि गाठ बोटांखालीच बसली. असं पाणी सहसा टाकून देतात. रक्ताळलेलं असेल किंवा गाठ पूर्ण बसली नाही तर पुढे तपासतात. ती पुन्हा भरू शकते, पण साध्या सिस्टचा कॅन्सर होत नाही, सुई टोचून तर नाहीच. सोनोग्राफीत जाड भिंत किंवा आत घट्ट भाग दिसला तर गोष्ट वेगळी, तिथे बायॉप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, लागते.

चहाबद्दल ठाम पुरावा नाही. सोडून बरं वाटत असेल तर सोडा. माझं कटिंग चालू आहे. एरंडेलाचं म्हणाल तर सिस्ट कित्येकदा आपोआप जिरते आणि श्रेय बाटलीला जातं.

पण मेसेजमधला सगळ्यात वाईट शब्द ‘तीन महिने’. गाठ पाण्याची की दुसरी कसली, हे नुसत्या बोटांना ठरवता येत नाही, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. टाटा मेमोरियलनं याच मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. ज्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, त्यांच्यातले कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. संशय आला की त्या एरंडेल देत नव्हत्या, रुग्णालयात पाठवत होत्या.

मेसेज टाकणाऱ्या तिघींपैकी एकीला मी वेगळं विचारलं, गाठ तुला आहे का गं? बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं: “डावीकडे. पण दुखत नाही, म्हणून तेल लावतेय.” शनिवारी साडेदहाची सोनोग्राफी ठरलीय. मी सोबत जातेय.