आई ड्रॉप, दिवसातून सहा वेळा

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. खरं ऑपरेशन सुरू झालं ते डिस्चार्जच्या कागदापासून. पहिला आठवडा थेंब दिवसातून सहा वेळा, दुसऱ्या आठवड्यात पाच, मग चार, तीन, दोन, एक. मी हिशोब केला (घरून काम करणारा माणूस असले हिशोब फार करतो), एकवीस गुणिले सात म्हणजे 147 वेळा. शिवाय दुसरी बाटली आहेच, आणि दोन बाटल्यांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

तर ही मधली पाच मिनिटं. आई डोळे मिटून आडवी, टीव्ही बघता येत नाही, पेपर वाचता येत नाही, मग उरलं काय, तर तोंड. आणि त्या पाच मिनिटांत मी तिकडे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून 'येस, अॅग्रीड' म्हणत असतो, नक्की कशाला अॅग्रीड ते मला पुढच्या आठवड्यात कळतं.

विसरायला नको म्हणून मी सगळे थेंब ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकले. नाव दिलं 'आई ड्रॉप'. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या टीम लीडचा मेसेज, "सर, आईला रोज सहा वेळा कुठे ड्रॉप करता?"

आई 79 वर्षांची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, म्हणजे ट्रंक कॉल लावून द्यायची त्या जमान्यातली. त्यामुळे माझ्या कॉल्सबद्दल तिला आदर असेल असा माझा समज होता, पण झालंय उलटंच. तिच्या काळी कॉल तीन मिनिटांच्या हिशोबाने चालायचा, तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन सांगायची. ही सवय रिटायर झालेली नाही. तिसऱ्या मिनिटाला दारात येऊन ती तीन बोटं दाखवते. "दीड तास काय बोलता रे? आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी सुद्धा तीन मिनिटांत संपायची."

ट्रंक कॉलचे तीन प्रकार असायचे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगचा रेट आठपट. आमच्या घरात ही सिस्टीम अजून चालू आहे. नुसतं "अरे" म्हणजे ऑर्डिनरी, मोटर बंद कर वगैरे. "अरे ऐकतोयस का" म्हणजे अर्जंट. आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला की लाइटनिंग, तेव्हा मी हेडफोन गळ्यात घेऊन धावतो, खुर्ची पडते, तिकडे क्लायंट विचारतो काय झालं, आणि इकडे आई विचारते, "रिमोट कुठे ठेवलास?" आठपट रेट कोण भरतं हे सांगायला नको.

मधे ऑफिसने बर्नआऊट कसा टाळावा यावर वेबिनार ठेवला. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे बरोबर थेंबाच्या वेळेला. त्यात एक चांगली माहिती मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआऊटला आपल्या यादीत घेतलं, पण आजार म्हणून नाही. तो फक्त कामाच्या ठिकाणच्या ताणातून येतो, आयुष्याच्या बाकीच्या भागांना तो शब्द लावायचा नाही. आता मला सांगा, माझं कामाचं ठिकाण म्हणजे डायनिंग टेबल. डाव्या हाताला लॅपटॉप, उजव्या हाताला सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा. दुपारी साडेतीनला मला जे काही होतं ते डाव्या हाताचं धरायचं की उजव्या? उजव्याचं असेल तर यादीत बसत नाही, मग त्याला नुसतं 'तुझं जेवण नीट नाही' म्हणतात. वेबिनारवाल्या मॅडम म्हणाल्या पाच मिनिटं डोळे मिटा. मी मिटले. आतल्या खोलीत आईनेही मिटलेलेच होते. जाग आली ती चमच्याने. वेबिनार कधीच संपलेला, आणि दुसरा थेंब पाऊण तास लेट.

बाई ठेवून पाहिली. ब्युरोतून आलेली, बारा तासांची. तिसऱ्या दिवशी बघतो तर बाई खुर्चीत आणि आई तिला चहा करून देतेय, वर मला दटावतेय की हळू बोल, तिचं डोकं दुखतंय. अमेरिकेतला भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगतो, आईला भिजवलेले बदाम देत जा. देतो.

नोव्हेंबर तर विचारूच नका. पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळ एक तास मागे केलं आणि माझी सातची मीटिंग आठवर आली, म्हणजे आईच्या जेवणावर. तिचं म्हणणं असं की जेवणाची वेळ हलणार नाही, त्यांना कळव. त्यातच हयातीचा दाखला. आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, सोय उत्तम आहे, फक्त जिवंत असल्याचा पुरावा म्हणून अॅप डोळे मिचकवायला सांगतं. आई ठाम. "छत्तीस वर्षं फोनवर नोकरी केली, कधी फोनला डोळा मारला नाही." चार वेळा फेल. पाचव्यांदा मी वैतागून ओरडलो तेव्हा ती दचकली, पापणी लवली आणि सरकारदरबारी ती जिवंत ठरली. ओरडल्याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. तिला नाही. तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, दाखला पाच मिनिटांत झाला म्हणून.

तर यावर मी माझा एक उपाय शोधून काढलाय. दर गुरुवारी साडेपाचला मी आईला सांगतो की थायरॉईडच्या गोळ्या आणायला अप्पा बळवंत चौकात जातोय. गोळ्या सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये मिळतात. मी दोन गल्ल्या सोडून एका अमृततुल्यात बसतो, एक चहा, मग अर्धा, मग पुन्हा अर्धा, कोणाशी बोलायचं नाही, समोरच्या रिक्षा मोजायच्या. पाऊण तासाने खिशातली सकाळीच आणलेली स्ट्रिप घेऊन घरी. आई एकदाही काही बोलली नाही. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकं मिळतात हे पुण्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि हिचा जन्म पुण्यातला.

दुसरं एक कोडं होतं. आईची उपाशीपोटीची साखर मी एक्सेलमध्ये लिहितो. एरवी 120 च्या आसपास, पण शुक्रवारी 170. दर शुक्रवारी. मी चार्ट काढला, रंग दिले, डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, गुरुवारी काय खातात? मी म्हटलं रोजचंच, मुगाची खिचडी आणि ताक, मी स्वतः वाढतो.

गेल्या गुरुवारी अमृततुल्य बंद होतं. पंधरा मिनिटांत परत आलो. दार नुसतं लोटलेलं. आत आई आणि शेजारच्या काकू, टीव्ही फुल्ल, आईच्या कानात मशीन (जे माझ्यासमोर 'सेल जातात' म्हणून डबीत असतं), मध्ये टीपॉयवर पाव किलो जिलबी, त्यातली निम्मी संपलेली, आणि आई खदखदून हसतेय, तसं मी तिला कित्येक महिन्यांत हसताना ऐकलं नव्हतं. मला बघून टीव्ही सोडून सगळं थांबलं. काकूंनी पदराने ताट झाकलं.

"इतक्या लवकर?" आई म्हणाली. "गोळ्या?"

"संपल्यात म्हणे."

तिने शांतपणे बोटाला लागलेला पाक पुसला.

"मग पुढच्या गुरुवारी हडपसरला बघ. तिकडे नक्की मिळतील."