गुलमर्गचरणी गुडघा अर्पण

भर पावसात शेवाळलेल्या पाखाडीवरून स्लीपर घालून जो उतरला, त्याला बर्फावरून उतरायला कोण शिकवणार? तेव्हा दापोली-गुहागरकरांनी गुलमर्गात स्कीइंगचा मास्तर लावण्याच्या फंदात पडू नये. महिना-दोन महिने आधीपासून मांड्यांचे व्यायाम करा, असं डॉक्टर सांगतात. सांगू द्या. तुम्ही पडवीतल्या झोपाळ्यावर बसा. पाय तिथेही हलतात.

खरी हुशारी स्की भाड्याने घेताना दाखवायची. बूट स्कीवर धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटावं म्हणूनच बनवलेलं असतं. किती जोराला सुटायचं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचा सराव बघून ठरवतात. सराव विचारला की छाती पुढे काढून ‘एक्स्पर्ट’ म्हणा. शिवाय ‘घट्ट आवळ रे!’ असं बजावा. भाडं मोजलंय, सुटून कसं चालेल? मग स्की एकीकडे, तुम्ही दुसरीकडे, आणि मधला सगळा पीळ गुडघ्याला. घोटा कडक बुटात सुखरूप! पूर्वी लोक नडग्या आणि घोटे मोडून घेत. बूट-बाइंडिंग सुधारले, तेव्हापासून हा मान गुडघ्याकडे आला.

तोल गेला की मागे रेलून बसा. हात पुढे ठेवा, पडलात तर घसरणं थांबेपर्यंत उठू नका, हे सल्ले भेकडांसाठी. मानी माणूस घसरता घसरताच उठतो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, त्याच वेळी तुटतं, ही बाब किरकोळ.

हातातला पोलही, म्हणजे तोल सांभाळायची काठी, सोडू नका. मुठीत दांडा धरून पडलात की अंगठा बाहेर ताणला जातो आणि मुळाशी, तर्जनीच्या बाजूचं लिगामेंट फाटतं. घरी आल्यावर आडकित्ता धरवेना की समजा, काम फत्ते.

हेल्मेट? आईने दिलेली कानटोपी आहे ना!

दुपार कलली, मांड्या थरथरू लागल्या, बाकीची मंडळी चहाला गेली, की ‘अजून एकदा!’ म्हणायचं. पैसे वसूल झाले पाहिजेत.

गुडघ्यात ‘कट्’ वाजलं आणि तो तासाभरात टम्म फुगला, तर बर्फाने शेकून, पट्टी बांधून डॉक्टर गाठण्याची घाई नको. गरम तेलाने रगडा, वर चालून बघा. एसीएलची शस्त्रक्रिया झालीच, तर पुन्हा खेळायला नऊएक महिने लागतात. म्हणजे जानेवारीत पडलात तर शिमग्याला पालखी नाचवणं गेलं आणि गणपतीतली जाखडीही. ओट्यावर खुर्ची टाका आणि नाचणाऱ्या पोरांच्या चुका काढा. त्यात तरी तुम्ही खरे एक्स्पर्ट आहात.