मुकुट दिसला म्हणून बिल्ला १९४७ पूर्वीचा ठरत नाही

‘बिल्ल्यावर मुकुट असेल तर तो १९४७ पूर्वीचा, धातू काळा पडला असेल तर अस्सल, आणि मूळ ठशातून, म्हणजे बिल्ले पाडायच्या धातूच्या साच्यातून, काढलेला असेल तर शंकाच नको.’ पलटणींचे जुने बिल्ले जमवू लागलेल्या प्रत्येकाच्या फोनवर हा सल्ला कधी ना कधी येतोच. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि पहिल्यामुळे तर इतिहासच खोटा ठरतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला तो डोमिनियन म्हणून, म्हणजे कारभार आपला पण राजा ब्रिटनचा. नावाला राजा सहावा जॉर्जच राहिला. मुकुट उतरून अशोकस्तंभाचे सिंह आले ते २६ जानेवारी १९५० नंतर, प्रजासत्ताक झाल्यावर. मधल्या काळात मेजर हुद्द्याची खूण मुकुटच होती. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला धारातीर्थी पडलेले, पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी सोमनाथ शर्मा मेजरच होते. तेव्हाचा मुकुट ‘इंग्रजांचा’ म्हणून बाजूला सारला, तर काश्मीरच्या लढाईची खूण आपण आपल्याच हातांनी चुकीच्या खणात ठेवतो. उलट इंग्रजी अमदानीतल्या काही गुरखा पलटणींच्या बिल्ल्यांवर नुसत्या खुकऱ्या आणि आकडा असे, मुकुट नसेच.

ब्रिटिश बिल्ल्यांबाबत मुकुटाचा आकार खरंच उपयोगी पडतो. १९०१ नंतरच्या राजांच्या काळात कमानी वर फुगलेला ट्यूडर मुकुट होता, एलिझाबेथ राणीच्या काळात कमानी मध्ये दबलेला सेंट एडवर्ड मुकुट आला. पण २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर निवडला, त्यामुळे आता कोरा करकरीत बिल्लाही त्याच मुकुटाचा असू शकतो.

काळेपणाचं म्हणाल, तर तो रसायनाने तासाभरात आणता येतो. शिवाय शिपाई बिल्ला रोज घासून चमकवत असे. वापरातल्या बिल्ल्याचे उंचवटे झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि खोलगट भागात रेषा शाबूत असतात. मी आधी ती झीज बघतो, रंग नंतर.

मूळ ठसा? ठसा पलटणीपेक्षा जास्त जगतो. पलटण मोडल्यावर दशकांनीही त्यातून नवे बिल्ले पाडता येतात, आणि पाडले गेलेही आहेत.

माझा भर आकड्यावर असतो. खांद्यावरच्या पितळी पट्टीवर ‘११७’ आणि मराठ्यांचं नाव असेल, तर ती १९०३ ते १९२२ मधली, कारण १९०३ मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले आणि १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. ११७ वी पलटण पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. २९ एप्रिलला तिथल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने शस्त्रं खाली ठेवली आणि उरलेले जवान तुर्कांच्या कैदेत गेले. तो आकडा वाचायचा सोडून आपण पट्टीवर मुकुट शोधत बसतो.